तलावभर डहाळ्या

फाट्यावर बसमधून उतरलं की आमच्या गावापर्यंत चालत जावं लागतं. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं उतरलो, तर आंब्याच्या वळणाशी यायच्या आतच तो वास आला. ओला चिखल, कुजलेली कमळाची पानं, आणि कुणाच्या तरी चुलीवर भाजले जाणारे सुके झिंगे. दिवाकर थांबला. पिशवी खाली ठेवून त्यानं पाठ सरळ केली आणि म्हणाला, "तलाव भरला हाये." तलाव अजून दिसतही नव्हता.

दिवाकर म्हणजे माझा नवरा. आयुष्यात मी त्याला नावानं हाक मारलेली नाही. पण लिहिताना 'हे' आणि 'यांनी' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा, म्हणून नाव लिहिते. त्याला वाचून दाखवणार नाहीच आहे.

आम्ही आता अहेरीला राहतो. मी तिथे अंगणवाडीत आहे. सासूबाई गेल्या, गावातलं घर दिराकडे राहिलं, आणि या वाटेनं यायचं काही कारणच उरलं नाही. यंदा पुतण्याचं लग्न झालं. त्यानं फोनवर बजावलं की काका-काकूंनी या पोळ्याला यायचंच, नवीन सून पहिल्यांदा पुरण घालणार आहे. पोळ्याला तर आम्ही दोघंही कित्येक वर्षं इथे नव्हतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढून दिवाकर नुसता पाण्याकडे पाहत राहिला. पाणी तसंच होतं, पलीकडचं सागाचं रान तसंच होतं. काठावरचा मोठा मोह मात्र गेला होता, बुंधा तेवढा उरला होता. मी दमून त्या बुंध्यावर बसले आणि मला एकदम कॉफीचा वास आठवला. त्या झाडाखाली कॉफी उकळायची, त्या वर्षांचा.

मी माहेरची कोरपन्याकडची. आमचीही जात पाण्याचीच, ढिवरांची, पण माझ्या बापानं जाळं केव्हाच खुंटीला टांगलं होतं. आम्ही भावंडं कापूस वेचून वाढलो. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला मासा साफ करता येत नव्हता, पोहता येत नव्हतं, आणि डोंग्यात बसायचं म्हटलं की मी काठावरच बसकण मारायची. एका लाकडाचा कोरलेला तो डोंगा, जरा हललं की पाणी आत. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या आळीला ऐकवलं की पोरानं ढिवराच्या घरी शेतकऱ्याची लेक आणली. मग त्यांनीच मला शिकवलं. राख लावून मरळ मासा कसा धरायचा, झिंगे कुठल्या उन्हात वाळवायचे, कुठल्या नाही. त्या शिकवताना रागवायच्या, आणि मी नीट केलं की त्याहून जास्त रागवायच्या.

सकाळी उठले की पहिला आवाज पाण्याचा यायचा. पाणडुब्या बुडायच्या, पलीकडे कुणी जाळं आपटायचं, धुणं बडवल्याचा आवाज पाण्यावरून उशिरा पोचायचा. हिवाळ्यात तलावावर धुकं बसायचं आणि डोंगा दिसायच्या आधी बांबू पाण्यात टेकल्याचा आवाज यायचा. कापसाच्या रानात इतके आवाज नसतात. पहिलं वर्षभर मी त्या आवाजांनीच जागी व्हायची आणि मला बरं वाटायचं.

पण संक्रांत झाली की गाव रिकामं व्हायचं. ट्रक यायचा. त्यात भांडी चढायची, गोधड्या चढायच्या, एखादी कोंबडीही चढायची, आणि माणसं तेलंगणात मिरची तोडायला निघून जायची. लेकरं लहान म्हणून मी मागे राहायची, दिवाकर जायचा. तो परत यायचा तेव्हा ऊन तापलेलं असायचं. मिरचीचा वास त्याच्या आधी उंबऱ्यात शिरायचा. त्याचे हात इतके जळत असायचे की लेकराला उचलून घ्यायची सोय नव्हती, चुकून लेकराच्या डोळ्यांना बोट लागलं तर आकांत. एका वर्षी तर थोरलीनं त्याला ओळखलंच नाही. माझ्या लुगड्यामागे लपून रडायला लागली. तो हसला, तिला हाक मारली, आणि मग बाहेर जाऊन पाळीवर बराच वेळ बसून राहिला.

मला तेव्हा जगाकडून एकच गोष्ट हवी होती. हा माणूस बाराही महिने घरी असावा. दागिना नको, पक्कं घर नको, एवढंच.

आणि मग साहेब आले.

कसे आले, त्यांना आमचा तलाव कुणी सांगितला, हे मला अजूनही ठाऊक नाही. ते कोरपन्याकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. माझ्या माहेरच्या बाजूचे म्हणून मला पहिल्यापासून त्यांची माया. डोक्यावर गोल टोपी, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि सासूबाईंना वाकून नमस्कार. जीपच्या टपावर लांब लांब नळ्या बांधलेल्या होत्या. आम्हाला वाटलं बोअर मारायला आले. नळ्यांतून काड्या निघाल्या, चकचकीत, पातळ, आणि त्यांना दोरा गुंडाळायच्या चरक्या. मौज म्हणून मासे धरायला कुणी इतक्या लांब येतं हे आळीत कुणाला पटेना. एका म्हाताऱ्यानं दिवाकरला बाजूला घेऊन विचारलं की यांच्या घरच्यांना माहीत आहे का.

साहेबांना डोंगा चालवणारा माणूस हवा होता. दिवाकर त्यांना घेऊन पाण्यात गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा दोघं जुने दोस्त असल्यासारखे हसत होते. पुढच्या खेपेला साहेबांबरोबर आणखी दोघं आले. मग चंद्रपूरचे आले, नागपूरचे आले. दिवाळी झाली की पाहुणे सुरू व्हायचे ते होळीच्याही पुढे. मोहाखाली तंबू लागायचे. संक्रांतीनंतर ट्रक आला, भरला आणि गेला, आणि दिवाकर त्यात नव्हता. त्या दिवशी मी उगाचच दोनदा अंगण सारवलं.

ती वर्षं अशी ओळीनं आठवत नाहीत. सगळे हिवाळे मिळून एकच हिवाळा झाला आहे. पहाटे मोहाखाली कॉफी उकळायची. तो वास आमच्या आळीत नवा होता, थोडा जळका, थोडा गोड. डासांच्या मलमाचा वास त्यात मिसळायचा. मग चरकीचा आवाज, लांब सुटलेला, किर्रर्र करत जाणारा, आणि पाण्यावर बारीकसं टप्प. मासा लागला की डोंग्यातून आरडाओरडा, मोठमोठी माणसं लेकरांसारखी ओरडायची. मी चुलीपाशी बसून ऐकायची. स्वयंपाक माझ्याकडे होता. तांदळाची भाकर, झिंग्यांची चटणी, अंबाडी, आणि ते ठेवतील त्या माशाचा रस्सा. तिखट लागून त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि ते आणखी मागायचे. माझ्या हातचं कुणी इतकं मागून खाल्लं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, सुनेला चढवू नका, उद्या मला वाढणार नाही.

त्यांच्याजवळ रबराचे बेडूक होते. हिरवे, पिवळे, पोटाखाली गळ दडवलेले. सासूबाईंनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि इथे फुकट बेडूक मिळतात की, असं साहेबांना सांगितलं. पण त्यांना खरं कोडं पडलं ते पुढे. पाहुणे मासा धरायचे, त्याला वजनकाट्याला लावायचे, छातीशी धरून फोटो काढायचे आणि पाण्यात सोडून द्यायचे. एखादाच खायला ठेवायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"खायचं नाई त तिले काऊन हैरान केलं?"

साहेबांनी त्यांना समजावलं की त्यामुळे मासे टिकतात, पुढच्या वर्षीही असतात. सासूबाईंना ते अर्धं पटलं, अर्धं नाही. पण साहेबांवर त्यांचा जीव होता. ते आले की त्या स्वतःच्या हातानं त्यांची खाट झाडून ठेवायच्या.

दिवाकर बदलला. तो बोलायला लागला. संध्याकाळी शेकोटीपाशी साहेब विचारायचे आणि हा सांगायचा, मी घरातून ऐकत बसायची. मला नवऱ्याच्या कितीतरी गोष्टी अशा पाहुण्यांना सांगताना कळल्या. लहानपणी तो या तलावात बुडता बुडता वाचला होता हेही तेव्हाच कळलं. लेकरं त्याच्या मांडीवर झोपून जायची. धाकट्याला तर बाप गावाला जातो हेच माहीत नव्हतं. थोरली पाहुण्यांसमोर त्याची ओळख करून द्यायची, "हा माह्या बाबा." मला ऐकून हसू यायचं आणि भरूनही यायचं.

अशाच एका संध्याकाळी त्यानं साहेबांना डहाळीची रीत सांगितली.

मरळ हा मासा मोठा लेकुरवाळा. पिल्लं निघाली की ती शेंदरी रंगाची, शेकड्यांनी, एकमेकांना धरून राहतात. पाण्यावर एवढासा लाल गोळा दिसतो आणि तो भाताला आधण आल्यासारखा बुडबुडत असतो. खाली आई आणि बाप दोघं राखण करत असतात. पिल्लांजवळ बेडूक येवो, साप येवो, माणसाचा पाय येवो, ते धावून जातात. म्हणजे त्या दिवसांत मोठी मरळ धरणं अगदी सोपं, गोळ्यावर काहीही टाकलं की झालं. आणि म्हणूनच ढिवर ती धरत नाहीत. ज्याला लाल गोळा पहिल्यांदा दिसेल त्यानं पळसाची डहाळी तोडून काठाच्या चिखलात रोवायची. डहाळी दिसली की तिथे कुणी गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही, पिल्लं काळी पडून पांगेपर्यंत. कोणी पहारा ठेवत नसे आणि कोणी मोडतही नसे.

साहेबांना ती गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. दिवाकरनं पुन्हा सांगितली, रंगवून. चूक झाली ती इथे. आपल्या माणसांत ती डहाळी म्हणायची, इकडे येऊ नका. बाहेरच्या माणसाला तीच डहाळी बोट दाखवून सांगणार होती की मोठी मरळ इथे आहे. हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. साहेबांच्याही मनात तेव्हा काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पुढच्या पावसाळ्यात साहेबांनी मोठा बेत आणला. हैदराबादचे त्यांचे काही दोस्त पैसा लावायला तयार होते. पाळीपलीकडे लाकडी झोपड्या, दोन चांगल्या नावा, आणि दिवाकरला बारमाही काम, राखणीचं आणि पाहुण्यांचं. दोस्तांना एकदा तलाव दाखवायचा, मरळीचा हंगाम दाखवायचा, की झालं. साहेब मला म्हणाले, "ताई, आता याला कुठेच जायला नको." मी खाली मान घालून उभी राहिले, कारण मान वर केली असती तर मी रडले असते.

ते पाहुणे आले तो खांदशेकणीचा दिवस होता. पोळ्याच्या आदला. घरोघरी बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळत होते. पाहुणे मोकळ्या मनाचे होते, हिंदीत बोलायचे, आपसांत तेलुगूत. डोंग्यात बसले, तलावावर नजर फिरवली आणि त्यातल्या एकानं काठावरच्या डहाळीकडे बोट केलं. साहेबांनी वाटेत त्यांना गोष्ट सांगितलेली होती. दिवाकर म्हणाला, तिथे नाही. तो माणूस हसून म्हणाला, "छोड देंगे ना भाई, मारेंगे थोडे."

रबरी बेडूक डहाळीच्या पुढ्यात पडला आणि पाणी फुटलं. इतकी मोठी मरळ मी त्या तलावात पाहिली नव्हती. तिला घाटावर आणलं, ओल्या फडक्यात धरलं, फोटो काढले, आणि त्या माणसानं गुडघाभर पाण्यात जाऊन दोन्ही हातांनी तिला अगदी हळू सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मनात पाप नव्हतं. पण घाट तलावाच्या या टोकाला आणि पिल्लं त्या टोकाला. थोड्याच वेळात बापही दुसऱ्या गळाला लागला आणि त्यालाही घाटावरच सोडलं.

सासूबाई पलीकडच्या काठाला भांडी घासत होत्या. लाल गोळा विस्कटला आणि पाणकावळे उतरले. त्यांनी पदर हलवला, खडे मारले, घासलेलं ताट वाजवलं. पाणकावळे उडायचे आणि पुन्हा बसायचे. अंधारून येईपर्यंत त्या तिथे होत्या. परत आल्या तेव्हा साहेब अंगणात बसले होते. त्यांनी हसून विचारलं की आत्याबाई, कुठे होतात. सासूबाईंनी भांडी खाली ठेवली.

"सोडलं म्हणते, साहेब. कुठी सोडलं? तिच्या घरी त नाई सोडलं."

साहेबांचं हसू गेलं. पण मोहाखाली त्यांचे दोस्त खुशीत होते, काठावर आणखी कुठे कुठे डहाळ्या आहेत ते एकमेकांना दाखवत होते. दिवाळीनंतर काम सुरू करायचं हे त्यांचं ठरल्यातच जमा होतं. दिवाकरनं घरात येऊन मला तेवढं सांगितलं. मी पुरणाची डाळ निवडत होते आणि मला इतका आनंद झाला की त्याच्या तोंडाकडे पाहायचं मला सुचलं नाही.

पोळ्याला आमच्याकडे दारोदारी पळसाच्या डहाळ्या उभ्या करतात. आळीसाठी त्या रानातून आणायचं काम त्या वर्षी दिवाकरकडे होतं. उजाडताना मी पाण्याला गेले तर तो तलावाच्या काठानं वाकून चालत होता. खांद्यावर डहाळ्यांचा भारा, गुडघ्यापर्यंत चिखल. दर काही पावलांवर एक डहाळी रोवत होता आणि टाचेनं चिखल दाबत होता. मागे पाहिलं तर अर्धा तलाव डहाळ्यांनी भरला होता. जिथे पिल्लं होती तिथे, जिथे नव्हती तिथेही. आता कुठे मरळ आहे आणि कुठे नुसतं पाणी, हे कुणाला कळणार नव्हतं. उपटून टाकल्या असत्या तर आपल्याच माणसांचे गळ चुकून पिल्लांवर पडले असते. म्हणून त्यानं हे काढलं होतं.

मी घागर खाली ठेवली. काय चाललंय हे विचारायची गरज नव्हती.

"साहेब जातीन," मी म्हणाले.

"जातीन."

"मंग तुमाले बी जा लागंन. मिरचीले."

त्यानं आणखी एक डहाळी रोवली. "हो. जा लागंन."

माझा संयम सुटला. "लेकरं तुमची हायेत का मरळीची?"

तो थांबला. भारा खांद्यावरून उतरवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मला वाटलं होतं रागावेल.

"मरळीचा बाप हालत नाई तिथून," तो म्हणाला. "माह्यावानी नाई तो. काल गळाले लागला तवाच हालला."

मी घागर अर्धीच भरली आणि घरी आले. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. आळीत दुपारपर्यंत कुणाच्याच दारात डहाळी नव्हती. बायका विचारत आल्या की पळस कुठे आहे, आणि सासूबाई सगळ्यांना एकच सांगत होत्या, तलावावर.

पाहुण्यांनी दिवसभर डहाळ्यांपाशी गळ टाकले, पण मरळ लागली नाही. आधी हसत, मग चिडत, मग नुसतेच. संध्याकाळी बैलांची मिरवणूक निघायच्या आधी त्यांनी सामान बांधलं, झोपड्यांचं नाव कुणी काढलं नाही. दोस्त जीपमध्ये जाऊन बसले. साहेब मात्र आमच्या ओसरीवर आले, सासूबाईंनी वाढलेली पुरणाची पोळी त्यांनी पूर्ण खाल्ली. मग दिवाकरला घेऊन पाळीवर गेले. काय बोलले ते दिवाकरनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे तू केलंस का. हा म्हणाला, आमची रीत आहे साहेब. साहेब म्हणाले, बरोबर आहे. मग त्यांनी याचा हात हातात घेतला, आणि यानं तो सोडवून घेतला नाही. त्यानंतर ते कधी आले नाहीत. मला वाटतं त्यांना लाज वाटली असावी, आणि इतक्या चांगल्या माणसाला लाज वाटायला नको होती.

संक्रांतीनंतर ट्रक आला. दिवाकरनं गोधडी चढवली, थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चढला. ती आता मोठी होती, रडली नाही. धाकट्याला वाटलं बाबा बाजाराला चालला, त्यानं खाऊ सांगितला.

मी रागावले होते. इतकी की तो उन्हाळ्यात परत आला तेव्हाही पूर्ण बोलत नव्हते. पुढचा पोळा यायच्या आतच मला अहेरीला अंगणवाडीचं काम मिळालं, लेकरं तिथल्या शाळेत घातली. दिवाकर तेलंगणातच एका मिरचीच्या गोदामात बारमाही राहिला, दिवाळीला तेवढा यायचा. लेकरांची दहावी, थोरलीचं लग्न ठरणं, सासूबाईंचं दुखणं, सगळं फोनवर. त्यांच्या शेवटच्या दिवशी तो पोचेपर्यंत उशीर झाला होता. आता खोकल्यामुळे गोदामवाल्यांनीच त्याला घरी पाठवून दिलं. आज तो बाराही महिने माझ्यासमोर असतो, आणि आम्ही दोघं म्हातारे झालो आहोत. मला हवं होतं ते मिळालं, पण ते मला तेव्हा हवं होतं. कधी कधी रात्री त्याचा खोकला ऐकताना मी मनात त्या मरळीला शिव्या दिल्या आहेत.

यंदाच्या पोळ्याला सकाळी उठले तर अंथरुणात तो नव्हता. पुतण्याची बांबूची गळाची काडीही जागेवर नव्हती. मी हसले आणि चहाचा पेला घेऊन पाळीकडे निघाले. तो घाटाच्या उजव्या अंगाला, बाभळीखाली बसला होता, पाय पाण्यात सोडून. अजून धुकं होतं.

मी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत आळीतून बायका-पोरं यायला लागली. कुणाच्या डोक्यावर भारा, कुणाच्या काखेत. सगळे पांगले आणि काठाकाठानं वाकून काहीतरी रोवायला लागले. मी जागच्या जागी उभी राहिले. धुकं जरा विरळ झालं तेव्हा मला कळलं की त्या पळसाच्या डहाळ्या होत्या.

पुतण्याची बायको, रोशनी, माझ्या बाजूनं आली. हातातल्या बांगड्या अजून लग्नातल्याच. मी तिला विचारलं की हे काय चाललंय. मला हे माहीत नाही याचं तिला आश्चर्य वाटलं. पोळ्याला सगळ्या तलावाला डहाळ्या लावतात, ती म्हणाली. गणपती उठेपर्यंत कोणीच गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. मरळीची पिल्लं असतात ना. आजूबाजूच्या तलावांतली मरळ संपली, आमच्या तलावात आहे.

"कवापासून?" मी विचारलं.

"लय जुनं हाये, काकू. देवाच्या टाइमापासून."

मला तिचा हात धरून सांगायचं होतं, पण ती पुढे निघूनही गेली होती. काठाकाठानं डहाळ्या लावत ती बाभळीपाशी पोचली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, उठा जी तिथून. तुमी बसले तिथी डहाळी लावाची हाये. अन् गळ काढा पाण्यातला. आजपासून चालत नाई इथी."

नवीन सून, चुलतसासऱ्याशी बोलताना आवाज जरा चढलाच होता. दिवाकरनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे, सगळ्या काठाकडे पाहिलं. इतक्या लांबून मला त्याचं तोंड दिसत होतं, आणि थोरलीच्या जन्मानंतर मी त्याला इतकं सुखी पाहिलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं गळ ओढून घेतला, दोरा काडीला गुंडाळला, आणि चिखलाचे हात पुसत उठून तिला जागा करून दिली.

"बरं झालं सांगतलं, पोरी," तो म्हणाला. "मले मालूम नव्हतं."